भोपळ्याच्या मुळांवरचे कलिंगड

“डॉक्टर, भोपळ्यावर कलम केलेलं कलिंगड सासूबाईंना चालेल ना?” एका सुनेने विचारले. चालेल. जमिनीतील मर रोगापासून वेल वाचावी म्हणून जपानात १९२० च्या दशकापासून कलिंगडाचे कलम दुधी भोपळ्याच्या खुंटावर बांधतात. फळ कलिंगडाचेच, खुंटाची छाप मात्र उमटते. संकरित लाल भोपळ्याच्या खुंटावर गर बहुधा घट्ट होतो, साल जाडावते. फळ घाईने तोडले तर गोडीही उणावते. मला घट्ट गर आवडतो, पण आपल्या घरी कोणी कवळी लावत असेल तर फोडी बारीक कराव्यात. फिके लागले म्हणून मधुमेह्याला दुप्पट वाढू नये. १०० ग्रॅम गरात साधारण ६ ग्रॅम साखर असते. मूत्रपिंड अशक्त असेल, तर खुंट कोणताही असो, पोटॅशियमसाठी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.