ती कबुली तुझी नव्हती

प्रिय बाळू,

आई म्हणत होती, हल्ली तू जेवताना मानही वर करत नाहीस. गाव म्हणतं, "दंडावर सुटला, नशीब समजा." तुलाही तसंच वाटायला लागलंय का?

बांधावरच्या त्या मारामारीत तू सोडवायला गेला होतास. मग कोर्टात "गुन्हा कबूल" कसं म्हणालास? मला एक फोन करायला काय झालं होतं रे? राग अजून गेलेला नाही माझा. पण तारखांना हेलपाटे घालून रोजगार बुडालेल्या पोराला व्हरांड्यात कुणी सांगितलं, "कबूल म्हण, दंड भर, संध्याकाळी घरी", तर तो काय करणार?

मी कोर्टाच्या कागदांची नक्कल काढली. छापील फॉर्म, त्यात तुझं उत्तर : "गुन्हा कबूल आहे. दया व्हावी." दया व्हावी? तू कधी असं बोललास? समन्स खटल्यात कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहावी, असं कायदा सांगतो. कबूल म्हटलं म्हणून दोषी ठरवलंच पाहिजे, असंही नाही. शिवाय निकालाआधीच तू कबुली मागे घ्यायचा अर्ज दिला होतास. तो फेटाळला आणि त्याच कबुलीवर दंड ठोठावला.

आता म्हणतात, कबुलीवरच्या शिक्षेला अपील नाही. फौजदारी खटल्यांच्या नव्या संहितेचं कलम ४१६ तसं सांगतं खरं; शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच अपील. पण कबुली खरी, समजून-उमजून दिलेली हवी ना? आणि सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्जाची वाट आहेच. १९८० साली गुजरातच्या अन्नभेसळीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सौदा करून घेतलेली कबुली धुडकावली. लांबलचक खटल्यापेक्षा हलकी शिक्षा बरी म्हणून निर्दोष माणूसही गुन्हा कबूल करेल, ही न्यायमूर्ती भगवतींची भीती होती. शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवायला पाठवला. पुढे २००६ पासून शिक्षेच्या तडजोडीला कायद्यात जागा मिळाली. तिथेही न्यायाधीशाने दुसऱ्या बाजूला बाहेर ठेवून आरोपीला विचारायचं, की हे स्वखुशीने करतोयस ना? तुला असं कुणी विचारलं?

दंड किरकोळ आहे, मान्य. पण उद्या पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी होईल, तेव्हा कागदावर 'दोषसिद्ध' दिसेल. पहाटे डांबरी रस्त्यावर धावतोस ते कशासाठी?

मला तालुक्याला शिकायला पाठवायचं म्हणून आबांशी भांडणारा तूच ना? धाकटा असून माझ्यासाठी उभा राहिलास. ते ऋण मी विसरलेले नाही, आणि आता तुला गप्प बसू देणार नाही.

पुनरीक्षणाला आदेशापासून ९० दिवसांची मुदत असते. कबुली मागे घेण्यात लाज कसली? शनिवारी ये, वकीलपत्रावर सही कर. आणि या वेळी सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाच.

तुझी,
ताई