विम्बल्डनची रांग आणि एक जुने देणे

व्यापारी घराण्यांत दूरच्या प्रवासाला बहुधा दोनच निमित्ते असतात. एक तीर्थयात्रा आणि दुसरे खरेदी. तिसरे निमित्त निघाले तर ते लग्नकार्याचे. अशा घरातील त्र्याहत्तर वर्षांच्या कर्त्या पुरुषाने केवळ टेनिसचा सामना पाहण्यासाठी लंडनला जाण्याचा बेत आखावा, ही गोष्ट सांगलीच्या हळद बाजारात काही दिवस थट्टेचा विषय झाली होती. 'अण्णा आता रॅकेट घेऊन सौद्याला बसणार,' असे शेजारच्या पेढीवरचे लोक म्हणत. अण्णा हसत आणि विषय बदलत. या बेतामागे पंचवीस वर्षांपूर्वीची एक नोंद होती. ती कोणत्याही खतावणीत नव्हती, म्हणूनच तिची फेड राहून गेली होती.

१९९९ च्या जुलै महिन्यात लिअँडर पेस आणि महेश भूपती या जोडीने विम्बल्डनचे पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळविले. अण्णांची मुलगी, घरात जिला सगळे आक्का म्हणतात, त्या वेळी तेरा वर्षांची होती. ती जिमखान्याच्या कोर्टवर रोज सकाळी खेळत असे. वर्तमानपत्रातील ते छायाचित्र तिने कापून रॅकेटच्या खोळीच्या आतल्या बाजूस चिकटविले. पुढच्या मार्चमध्ये पुण्याला तीन आठवड्यांच्या शिबिरासाठी तिची निवड झाली. सोबत घरातील एक वडीलधारे माणूस असावे, एवढीच अट होती. मार्च म्हणजे नव्या हळदीची आवक, सौदे आणि वसुली यांचा महिना. 'हंगामात पेढी सोडून कोण जाणार?' एवढेच वाक्य अण्णा बोलले. आक्काने हट्ट केला नाही, ती रडलीही नाही. जूनपर्यंत तिने खेळणे सोडले होते आणि रॅकेट माळ्यावर गेली होती. यथाकाल ती सनदी लेखापाल झाली, विवाह होऊन पुण्यास गेली. त्या शिबिराचा उल्लेख बापलेकींत पुन्हा कधी झाला नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत अण्णांच्या नातीला, म्हणजे थोरल्या मुलाच्या लेकीला, ती खोळ सापडली. 'आजोबा, ही कुणाची?' या साध्या प्रश्नाला उत्तर देताना अण्णांचा आवाज अडखळला. आत चिकटविलेले पिवळे पडलेले छायाचित्र त्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

बेत आखायला अण्णा बसले ते व्यापाऱ्याच्या शिस्तीने. कोऱ्या वहीत त्यांनी तीन रकाने पाडले: तिकीट, मुक्काम आणि दिवस. विम्बल्डनची स्पर्धा जूनच्या अखेरीस वा जुलैच्या आरंभी सोमवारी सुरू होते आणि दोन आठवडे चालते. हळदीचा हंगाम तोवर ओसरलेला असतो. पंचवीस वर्षांपूर्वी आडवा आलेला हंगाम या वेळी आडवा येणार नव्हता, हे त्यांच्या प्रथम ध्यानात आले.

तिकिटांची व्यवस्था मात्र कोणत्याही व्यापाऱ्याला बुचकळ्यात टाकील अशी निघाली. तेथे आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात अर्ज मागवून सोडत काढली जाते. ज्याचे नाव निघेल त्याला जो दिवस व जे कोर्ट मिळेल ते स्वीकारावे लागते, आणि ते तिकीट दुसऱ्याला देता येत नाही. अण्णांनी २०२४ च्या सप्टेंबरात अर्ज भरला. नाव निघाले नाही. दुसरा मार्ग कर्जरोख्यांचा. क्लबने १९२२ मध्ये चर्च रोडवरील सध्याच्या जागेत स्थलांतर केले. त्या जागेसाठी भांडवल उभारायला जी रोख्यांची पद्धत सुरू झाली, ती आजही चालू आहे. २०२६ ते २०३० या पाच वर्षांसाठी सेंटर कोर्टचा एक रोखा १ लाख १६ हजार पौंडांना विकला गेला. व्याज काही नाही. त्याऐवजी स्पर्धेच्या प्रत्येक दिवशी एक राखीव आसन. हे आसन मात्र धारकाला रीतसर विकता येते. 'व्याजाऐवजी खुर्ची देणारा रोखा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला,' असे म्हणून अण्णांनी ते पान मोठ्या कौतुकाने वाचले.

थोरल्या मुलाने तीच वाट सुचविली. 'अण्णा, रोखेवाल्यांकडून तीन तिकिटे घेऊ. खर्च होईल, पण तुमच्या गुडघ्यांना त्रास नको.' अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'पैसे त्या वेळीही होते रे. तिला वेळ दिला नव्हता. आता पुन्हा पैसेच पुढे केले, तर फेड कसली झाली?'

राहिला तिसरा मार्ग, रांगेचा. विम्बल्डनमध्ये आजही दररोज हजारो तिकिटे रांगेत उभ्या राहणाऱ्यांसाठी ठेवलेली असतात. तीन मोठ्या कोर्टांची साधारण पाचपाचशे, आणि उरलेल्यांना मैदान-प्रवेशाचे तिकीट. माणशी एकच तिकीट मिळते. दुसऱ्यासाठी जागा धरता येत नाही. येणाऱ्याच्या हाती क्रमांक आणि तारीख घातलेले कार्ड पडते, आणि तेथून पुढे लक्षाधीश व विद्यार्थी यांच्यात काही फरक उरत नाही.

आईंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, सगळे ऐकून एवढेच सुचविले, 'तिकिटं काढा, पण तिला विचारून काढा.' हे अण्णांना सुचलेच नव्हते. फोनवर आक्का प्रथम थांबली. मग 'अण्णा, तुमचं वय, एवढा खर्च, कशाला?' असे तिने दोनदा म्हटले. तिसऱ्यांदा तिने विचारले, 'कोणत्या दिवशी जायचं?' दिवस तिनेच निवडला. पहिल्या आठवड्यात पुरुष आणि महिला एकेरीचे प्रत्येकी १२८ खेळाडू मैदानात असतात, त्यामुळे अठराही कोर्टांवर खेळ चालतो आणि मैदान-प्रवेशाच्या तिकिटाचे खरे चीज त्याच दिवसांत होते. दुहेरीचे सामने बुधवारपासून सुरू होतात. तिला दुहेरीच पाहायची होती. म्हणून गुरुवार ठरला. बाहेरच्या कोर्टांवर छत नसल्याने शुक्रवार पावसासाठी राखून ठेवला.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो. तो एप्रिलमध्ये झाला. मुक्काम स्पर्धेच्या अगदी जवळ न घेता डिस्ट्रिक्ट रेल्वेमार्गावर पार्सन्स ग्रीन येथे स्वयंपाकघर असलेले छोटे घर घेतले. तेथून साउथफील्ड्स तिसरे स्थानक. नवख्या माणसाला विम्बल्डन नावाचे स्थानक जवळचे वाटते, पण मैदानाला सोयीचे साउथफील्ड्सच. आहाराची चिंता होती, ती निसर्गानेच दूर केली. जुलैच्या आरंभी लंडनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो. सूर्यास्तापूर्वीचे जेवण सांगलीपेक्षा तेथेच निवांतपणे होते. मैदानात घरचे खाद्य नेण्यास मुभा आहे, मात्र पिशवी लहान हवी. आईंनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि खाकरे यांची पुडकी बांधून दिली.

उरलेले दिवस शहरासाठी होते. टॉवर ब्रिजजवळच्या शॅड थेम्स या गल्लीत जुन्या गोदामांच्या रांगा आहेत. चहा, कॉफी आणि पूर्वेकडील मसाले एके काळी तेथे उतरत. आता त्यांत घरे आणि उपाहारगृहे झाली आहेत, पण एका इमारतीला अजून दालचिनीचे नाव आहे. अण्णा तेथे तासभर रेंगाळले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील जैन शिल्पांसमोर तिघेही शांतपणे उभे राहिले.

गुरुवारी पहाटे पावणेपाचला टॅक्सीने तिघे निघाले. विम्बल्डन पार्कच्या हिरवळीवर पोहोचले तेव्हा उजाडले होते. आदल्या संध्याकाळपासून तंबू ठोकून बसलेले लोक गाशा गुंडाळत होते. अण्णांच्या हाती पडलेल्या कार्डावर चोवीसशेच्या पुढचा क्रमांक होता. म्हणजे मोठ्या कोर्टाची आशा नव्हती. ज्यांच्या दारात हंगामात गाड्यांची रांग लागते, ते गृहस्थ घडीच्या स्टुलावर बसून आपल्या क्रमांकाची वाट पाहत होते. दरवाजे दहाला उघडणार होते. पाच तास होते.

पहिले दोन तास नातीच्या प्रश्नांत गेले. मग ती आत्याच्या मांडीवर झोपली. तेव्हा अण्णा म्हणाले, 'आक्का, त्या मार्चमध्ये मी येऊ शकलो असतो. तीन आठवडे मुनीमजींनी सांभाळलं असतं.'

'मला माहीत होतं, अण्णा,' ती म्हणाली.

काही वेळाने तिनेच पुढे सांगितले. शिबिराचे दुःख वर्षभरात ओसरले होते. दुसरी गोष्ट मात्र राहिली. 'जिमखाना पेढीपासून दहा मिनिटांवर होता. चार वर्षांत तुम्ही एकदाही माझा खेळ बघायला आला नाहीत. शिबिराला नाही पाठवलंत, तेव्हा वाटलं, बघितलंच नाही त्यांनी, तर त्यांना कळणार कसं?' तिच्या स्वरात तक्रार नव्हती. लेखापरीक्षकाने चूक नेमक्या पानावर दाखवावी, तशी तिने ती दाखविली. पंचवीस वर्षे अण्णा ज्या रकमेचा हिशेब करीत होते ती रक्कमच वेगळी होती. त्यांनी मान हलविली आणि 'चुकलं' एवढेच म्हटले. रांग पुढे सरकली.

आत गेल्यावर त्यांनी एका लहान कोर्टाच्या कडेची बाकडी गाठली. तेथे खेळाडू इतके जवळ असतात की त्यांचे श्वास ऐकू येतात. समोर दुहेरीचा सामना चालू होता. चारही नावे अण्णांना अपरिचित. आक्का हळू आवाजात समजावीत होती: गवतावर चेंडू कमी उसळतो आणि घसरत येतो, म्हणून जाळीजवळचा खेळाडू आधीच वाकून उभा राहतो, पाठीमागे हात नेऊन तो बोटांनी खूण करतो, ती सोबत्याला पुढच्या चालीची सूचना असते. दलालाच्या रुमालाखालील बोटांनी आयुष्यभर भाव ऐकलेल्या माणसाला ही भाषा चटकन कळली. पुढच्या खुणेनंतर कोण कोठे धावेल हे अण्णांनी अचूक सांगितले, तेव्हा आक्का मोठ्याने हसली. असे हसताना तिला त्यांनी लग्नानंतर पाहिले नव्हते.

दुपारी स्ट्रॉबेरी घेतल्या. त्यांचा भाव २०१० पासून २०२४ पर्यंत अडीच पौंडच राहिला आणि २०२५ मध्ये तो वीस पेन्सने वाढला, हे ऐकून अण्णांनी 'याला म्हणतात दुकानाची पत' असा अभिप्राय दिला. संध्याकाळी मोठ्या कोर्टातून लवकर निघालेल्यांची तिकिटे अल्प दरात पुन्हा विकली जातात आणि ती रक्कम धर्मादाय कार्याला जाते. अण्णांनी त्यासाठी पुन्हा रांग धरण्याची तयारी दाखविली. आक्का म्हणाली, 'नको अण्णा. इथंच बसू. इथून सगळं दिसतंय.' ऊन कलेपर्यंत ते तेथेच बसले.

परतल्यावर माळ्यावरची रॅकेट नव्या तारा लावून नातीच्या हाती आली. छायाचित्र मात्र खोळीतच ठेवले आहे. अण्णा रोज संध्याकाळी पाच वाजता गादीवरून उठतात आणि जिमखान्याच्या कट्ट्यावर जाऊन बसतात. सौद्याचे फोन तेथेही येतात. नातीचा गेम संपेपर्यंत ते उचलले जात नाहीत. बाजारातील लोकांना आता त्याची सवय झाली आहे. या मार्चमध्ये आवक चांगली आहे, भावही तेज आहेत. नातीचे दहा दिवसांचे शिबिर पुण्याला ठरले आहे. सोबत कोण जाणार हे घरात कुणी विचारले नाही. अण्णांनी दोघांची तिकिटे आधीच काढली होती.