कागदातले घर

1959 साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि विदर्भातून आलेली कित्येक मराठी कुटुंबे कारखान्याच्या वसाहतीत रुजली. ते छप्पर नोकरीपुरते होते. म्हणून निवृत्ती जवळ येताच माणूस स्वतःच्या घराच्या शोधाला लागतो. सातबारा त्याच्या ओळखीचा. येथे मात्र त्याच्यापुढे खसरा आणि बी-1 येतात. पट्ट्याचे घर व मालकीचे घर डोळ्यांना सारखेच दिसते. पण पट्ट्याने उपभोगाचा हक्क मिळतो, स्वामित्व मिळत नाही.

हा भेद वकील वाचतो. उपनिबंधक कार्यालयातील जुन्या नोंदी, गहाणाचा बोजा, वारसांच्या सह्या तो तपासून पाहतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे घराच्या विक्रीला नोंदणीकृत दस्त लागतो हे खरे. परंतु नोंदणी ही विक्रेत्याच्या मालकीची हमी नव्हे. जे त्याच्यापाशीच नाही, ते कितीही मुद्रांक लावले तरी खरेदीदाराला मिळत नाही.

दलालाच्या शब्दावर इसार देऊन जो वकिलाची फी वाचवतो, तो आयुष्याची कमाई न वाचलेल्या कागदावर ठेवतो. हे वाचन इसारापूर्वीच व्हावे. नंतर त्याच वकिलाकडे जावे लागते, पण दाव्यासाठी.