ॲव्हरेज वाढलं कुणामुळे?

मुलांनो, गाडीवाल्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, "केवढ्याला घेतली?" आणि दुसरा, "ॲव्हरेज किती देते?" आमच्या केनवडला तर दुसरा प्रश्न आधी येतो. रिसोडला जायचं, मालेगावला जायचं, शेतात जायचं, सगळं दुचाकीवरच. पेट्रोल लिटरला १०० रुपयांच्या वर गेल्यापासून चहाच्या टपरीवर दुसरा विषय नाही. आणि जिथं दुखणं तिथं औषध विकणारा येणारच.

तसा तो २०२४ च्या जानेवारीत एका आठवडी बाजारात आला. त्याच्याकडं आगपेटीएवढी वस्तू होती. काळ्या प्लॅस्टिकच्या कवचात दोन चुंबकं. पेट्रोलच्या टाकीतून कार्बोरेटरकडे जी नळी जाते, तिच्यावर ती चिमट्यासारखी बसवायची. डबीवर पेटत्या ज्योतीचं चित्र, किंमत ९०० रुपये. चुंबकामधून गेलं की पेट्रोलचे कण सुटे होतात, पूर्ण जळतात, आणि ५० ची गाडी ६५ देते, असं तो छातीठोक सांगत होता.

ही बातमी पाचवीच्या वर्गात आणली ती दुधाचा रतीब घालणाऱ्या एका भाऊंच्या मुलानं. "सर, बाबानं गाडीले चुंबक लावलं. आता लय पयते!" मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "फसवलं तुह्या बापाले." झालं! वर्गाचे दोन तट पडले. मुलगा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा उतरला. चुंबकाबद्दल माझं मत मी तिथंच सांगू शकलो असतो. पण मुलादेखत त्याच्या बापाला खोटं पाडायचं, आणि तेही काही न मोजता, हे मला पटेना.

संध्याकाळी भाऊ रस्त्यात भेटले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मास्तर, मी काय पैसे झाडाचे तोडतो का? फरक हाये म्हणून सांगतो. पहिले दोनशेचं पेट्रोल अडीच दिवस पुरे, आता तीन दिवस पुरते."

माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांचा हिशोबही पक्का होता. तुम्हीच करून पाहा. गाडी दिवसाला ४० किलोमीटर चालते. लिटरला ५० प्रमाणे रोज ८०० मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे सोयीसाठी १०० रुपये भाव धरला तर ८० रुपये. लिटरला ६५ मिळाले तर खर्च साधारण साडेएकसष्ट रुपये. रोजचे साडेअठरा रुपये वाचले, तर ९०० रुपये ५० दिवसांच्या आत फिटतात! दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या माणसाला हा सौदा वाईट का वाटावा? या हिशोबात फक्त एकच आकडा कुणी मोजलेला नव्हता. तो म्हणजे ६५.

मी म्हटलं, "भाऊ, मोजू या का?" ते म्हणाले, "मोजा ना! मले काय भेव हाये?"

आता गंमत अशी, की असला प्रयोग करायला दूधवाल्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही. तुमची-आमची गाडी आज एकटी, उद्या तिघांना घेऊन चाललेली. वारा कधी समोरून, कधी पाठीमागून. भाऊंचं मात्र तेच कॅन, तोच रस्ता, तीच पहाटेची वेळ. पेट्रोल भरायचं ते एकाच पंपावर, गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून, टाकीतल्या एकाच खुणेपर्यंत. किती लिटर बसलं आणि मीटरवर किती किलोमीटर झाले, एवढंच वहीत लिहायचं.

खरी अडचण वेगळीच होती. नवी वस्तू बसवली की माणूस नकळत गाडी जपून चालवतो. कान इंजिनाकडे, हात ॲक्सिलरेटरवर हलका. मग पेट्रोल वाचलं ते चुंबकानं की हातानं, हे कसं कळणार? यावर आम्ही असं केलं. गावातल्या एका मेकॅनिकनं चुंबकाच्या मापाचा लाकडाचा ठोकळा तयार केला आणि दोन्हींवर काळी चिकटपट्टी गुंडाळली. वर्गानं आठ चिठ्ठ्या केल्या, चारांवर 'चु', चारांवर 'ला'. दर तीन दिवसांनी मेकॅनिकनं एक चिठ्ठी उचलायची, जे निघेल ते बसवायचं, आणि चिठ्ठी पाकिटात बंद करायची. गाडीवर काय आहे हे भाऊंना ठाऊक नाही, मला नाही, मुलांनाही नाही. एक बहाद्दर म्हणाला, "सर, खिळा लावून पाहू, लगेच समजते!" त्याला तिथंच दटावलं. शास्त्रज्ञ नव्या औषधांची परीक्षा साधारण अशीच घेतात. काही रोग्यांना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, आणि कुणाला काय मिळालं हे रोग्याला ठाऊक नसतं, बहुतेक वेळा डॉक्टरलाही नसतं.

पाकीट उघडायला २४ दिवस थांबायचं होतं. तोवर वर्गात प्रश्नांचा पाऊस. पेट्रोल पूर्ण जळत नाही का? जळतं. सुस्थितीतल्या चार-स्ट्रोक इंजिनात १०० भागांतले ९५ हून जास्त भाग जळतात. म्हणजे एखाद्या यंत्रानं उरलेलं सगळं जरी जाळून दाखवलं, तरी ५० चे फार तर साडेबावन्न होतील. ६५ कुठून येणार? दुचाकीत पेट्रोल वाया जातं ते वेगळ्या वाटेनं. १०० रुपयांच्या पेट्रोलातले जेमतेम २०-२५ रुपये चाक फिरवतात. बाकीची उष्णता होते आणि सायलेन्सरमधून व इंजिनाच्या पंख्यांवरून हवेत जाते. ती उष्णता चुंबक कशी अडवणार? शिवाय पेट्रोल हे कार्बन आणि हायड्रोजनचं. लोखंडाच्या खिळ्यासारखं ते चुंबकाकडं ओढलं जात नाही, की नळीतून जाताना त्याची घडणही बदलत नाही.

पाण्यापासून वायू करून इंजिनात सोडणारे संचही बाजारात मिळतात. पाणी फोडायला वीज लागते, ती वीज गाडीच्याच इंजिनावर तयार होते, आणि तो वायू जाळून परत मिळतं ते घातल्यापेक्षा कमीच. बैलाला त्याच्याच शेपटीनं ओढायला लावण्यासारखं झालं!

एका मुलीनं चांगला प्रश्न विचारला. "सर, मंग कंपनीवालेच हे चुंबक दाबून ठेवत असतील तं?" टपरीवरही हे नेहमी ऐकू येतं. पण विचार करा, आपल्या देशात मोटारसायकल खपते कशावर? १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली ती 'कमी पितं, जास्त पळतं' याच नावावर घरोघर पोचली. एकेका किलोमीटरसाठी कंपन्यांचे इंजिनियर वर्षानुवर्षं डोकं खाजवतात. आपल्या पुण्याच्या बजाज कंपनीनं २००३ मध्ये पल्सरच्या एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिले, ते जळण अधिक चांगलं व्हावं म्हणूनच. दोन चुंबकांनी १५ किलोमीटर वाढत असते, तर ती कारखान्यातच बसून आली असती आणि जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापली असती.

पुण्यातच वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांची तपासणी करणारी संस्था आहे, १९६६ सालची. तिथं ॲव्हरेज कसं काढतात ते ऐकून मुलं थक्क झाली. गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. चाक फिरत्या रुळांवर ठेवतात, गाडी जागच्या जागी धावते. किती सेकंद कोणता वेग, कधी थांबा, हे सगळं ठरलेलं. मग सायलेन्सरमधून निघालेला धूर गोळा करून त्यातला कार्बन मोजतात. पेट्रोलमधला कार्बन धुरातून बाहेर पडणारच ना? त्यावरून किती पेट्रोल जळलं ते काढतात. आमची वही आणि पंप त्याच्यापुढं काहीच नाही, पण कल्पना तीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं.

अखेर पाकीट उघडायचा दिवस आला. भाऊ दुधाचे कॅन घेऊनच शाळेत आले. मुलगा पहिल्या बाकावर बसला होता. आठही फेऱ्यांचं ॲव्हरेज मोठ्याकडून लहानाकडं फळ्यावर लिहिलं, आणि मेकॅनिकनं एकेका आकड्यापुढं 'चु' की 'ला' ते मांडलं. सगळी सरमिसळ! सर्वांत मोठा आकडा निघाला तो लाकडाच्या ठोकळ्याचा. आठ फेऱ्यांतून अर्ध्या-एक किलोमीटरचा फरक काही पकडता येत नाही, हे मी मुलांना सांगितलं. पण १५ चा असता तर तो लपून राहिला नसता.

मात्र आणखी एक गोष्ट फळ्यावर होती, आणि ती त्या मुलानंच हेरली. "सर, पण हे सगळे आकडे पन्नासच्या वरतेच हायेत!" खरंच की. ठोकळा असो की चुंबक, जुन्या ५० च्या खाली एकही नव्हता. म्हणजे बापानं सांगितलं ते खरं होतं, पेट्रोल पुरत होतं. मग वाढवलं कुणी?

सगळे मेकॅनिककडं बघायला लागले. तो डोकं खाजवत म्हणाला, "चुंबक बसवाले गाडी आणली तवा लय दिवसाची सर्व्हिसिंग नव्हती. म्या कार्बोरेटर साफ केला, एअर फिल्टर झटकला, अन् चाकात हवा भरली. मांगचं चाक पार बसलं होतं." घ्या! हवेच्या जाळीत धूळ साचली की या जुन्या गाड्यांत इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. कमी हवेचं चाक रस्त्यावर चपटं होतं आणि प्रत्येक फेऱ्याला इंजिनाची ताकद खातं. सायकलवाल्यांना हे सांगायला नको. काम केलं हवेनं आणि फडक्यानं, आणि श्रेय गेलं चुंबकाला. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर बहुतेक कार्बोरेटरच नाही. किती पेट्रोल सोडायचं ते आतला छोटा संगणकच ठरवतो.

भाऊ हसले. "म्हंजे नऊशे रुपये चुंबकाले अन् मेहनत हवेच्या पंपाची!" मागच्या बाकावरचा तो मुलगाही हसला, पण या वेळी कुणाचा चेहरा उतरला नाही.

हे काही आपल्याच गावचं नाही बरं का. १९७३ मध्ये जगभर तेल महागलं तेव्हा अमेरिकेत अशा वस्तूंचं पेवच फुटलं. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं १०० हून अधिक उपकरणं तपासली. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारं त्यांत एकही सापडलं नाही, उलट काहींमुळं धूर वाढण्याची किंवा इंजिन बिघडण्याची भीती निघाली. आपल्याकडं १९७८ पासून पीसीआरए नावाची सरकारी संस्था इंधन कसं वाचवावं हे सांगते. तिच्या सल्ल्यात चुंबक नाही. वेग ताशी ४५ ते ५५ ठेवा, चाकात हवा बरोबर ठेवा, गाडी उभी असेल तर इंजिन बंद करा, असल्या साध्या गोष्टी आहेत. त्या डबीत भरून विकता येत नाहीत, म्हणून बाजारात त्यांचा गाजावाजा नसतो.

यातल्या शेवटच्या गोष्टीवर सध्या आमच्या वर्गाचा डोळा आहे. भाऊ दारोदार दूध मापताना गाडी चालूच ठेवतात. "दर घरी किक कोण मारंल?" असं त्यांचं म्हणणं. मुलगा म्हणतो, बंद करून पाहू. म्हणून चिठ्ठ्या पुन्हा तयार झाल्यात. या वेळी त्यांच्यावर 'चालू' आणि 'बंद' असं लिहिलंय, आणि दारात उभं राहण्याचे मिनिटं मोजायला मुलानं आजोबांचं मनगटी घड्याळ मागून आणलंय.