नीरेकाठची बाई खाडीत

आमचे शिरवळ नीरेकाठचे. तरी पाण्याशी माझे वाकडेच. मी आठ वर्षांची असताना धाकटा भाऊ नदीत बुडाला. तेव्हापासून पाण्याला नमस्कार तोही दुरूनच. लेकीलाही कधी पोहू दिले नाही.

तिनेच हट्टाने मला वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत नेले. बचत गटाच्या बायकांनी इथे २०१७ साली पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवायचे काम सुरू केले. वल्ही मारणारी बाई माझ्याच वयाची! मी आपली होडीची कड घट्ट धरून बसले. ओहोटी होती. चिखलातून तिवरांची मुळे बोटाबोटाएवढी वर आलेली. खाली हवा नाही, म्हणून श्वासासाठी मुळांनाच वर यावे लागते. कांदळाचे बी तर झाडावरच रुजते. लांब हिरव्या शेंगेसारखे लोंबते नि एक दिवस खाली पडते. चिखल असला तर तिथेच रुतते, भरती असली तर दूर जाते.

“बुडत नाही का हो?” मी विचारले.

“तरंगते की!” बाई हसली.

परतताना लेकीने पाण्यात हात घातला. माझ्या तोंडून सवयीने ‘अगं’ निघाले. पुढचे शब्द काही आले नाहीत.