मैदानातला धडा, घरातली तयारी

अमेरिकन फुटबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही. लंबगोल चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड कवच आणि 100 यार्डांच्या मैदानावर एकमेकांना वेगाने धडकणारे धिप्पाड खेळाडू, एवढीच त्याची आपल्याला ओळख. मलाही यापलीकडे काही ठाऊक नव्हते. परंतु माझा भाचा नोकरीनिमित्त न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे राहतो आणि तेथील 'बफेलो बिल्स' या संघाचा तो निस्सीम चाहता आहे. त्याच्यामुळे या संघाचा 2022 चा हंगाम मी दुरून का होईना, अनुभवला. खेळातले डावपेच मला आजही उमगत नाहीत. त्या हंगामाने वैद्यकाच्या दृष्टीने जे शिकवले ते मात्र मी माझ्या वृद्ध रुग्णांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांना वारंवार सांगत असते.

बफेलो हे ईरी सरोवराच्या काठी वसलेले शहर. सरोवरावरून येणारे वारे तेथे अतोनात बर्फ आणतात. त्या नोव्हेंबरमध्ये संघाच्या मैदानाच्या परिसरात इतका बर्फ पडला की घरचा सामना डेट्रॉइट शहरात न्यावा लागला. पुढे नाताळच्या सुमारास तर भीषण हिमवादळ आले. रस्ते बंद झाले, रुग्णवाहिका अडकून पडल्या आणि कित्येक तास अनेक वस्त्यांपर्यंत मदत पोहोचूच शकली नाही. त्या वादळात चाळीसहून अधिक माणसे दगावली. कोणी मोटारीत अडकून, कोणी थंडीने, तर कोणी वेळेवर उपचार न मिळाल्याने. भाच्याच्या इमारतीतील रहिवाशांनी त्या दिवसांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दारांवर सकाळ-संध्याकाळ थाप मारून विचारपूस केली. 'मावशी, त्या दोन दिवसांत शेजारी हाच आमचा डॉक्टर होता,' असे तो मला म्हणाला होता.

या वादळाला दहा-बारा दिवसही झाले नव्हते. 2 जानेवारी 2023 च्या रात्री बिल्सचा सामना सिनसिनाटी शहरात 'बेंगल्स' या संघाशी होता. आपल्याकडे तेव्हा 3 तारखेची सकाळ होती. दवाखान्यात निघण्याच्या तयारीत असताना भाच्याचा फोन आला. आवाज कापत होता. 'मावशी, आमचा एक खेळाडू मैदानातच कोसळलाय. त्याच्या छातीवर दाबतायत. वाचेल ना गं?'

खेळाडूचे नाव डमार हॅमलिन, वय 24. प्रतिस्पर्ध्याला अडवताना त्याच्या छातीवर आघात झाला. तो उठून उभा राहिला आणि लगेच मागे कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. या प्रकाराला वैद्यकात 'कमोशिओ कॉर्डिस' म्हणतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात सेकंदाच्या काही शतांश भागाएवढा एक नाजूक क्षण असतो. नेमका त्याच क्षणी छातीवर आघात झाला, तर निरोगी हृदयाचीही विद्युत्-लय बिघडू शकते. मग हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरते आणि रक्ताभिसरण थांबते. ही घटना अत्यंत विरळा.

हॅमलिन वाचला, कारण मदतीला वेळ लागला नाही. संघाचे साहाय्यक ॲथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी तत्काळ छातीदाब सुरू केला आणि यंत्राने हृदयाला विजेचा झटका देण्यात आला. यात योगायोगाचा भाग फार थोडा होता. त्या लीगमध्ये प्रत्येक सामन्याच्या तासभर आधी दोन्ही संघांचे वैद्यकीय पथक आणि पंच एकत्र बसतात. रुग्णवाहिका कोठे उभी आहे, श्वासनलिकेत नळी कोण घालणार, जखमीला कोणत्या रुग्णालयात न्यायचे, हे सारे त्या बैठकीत निश्चित होते. ज्या संकटाची कोणी इच्छा करत नाही, त्याचा विचार दर सामन्यापूर्वी शांत डोक्याने केला जातो.

पुढच्या घटना आनंदाच्या आहेत. काही दिवसांनी शुद्धीवर आल्यावर, घशात नळी असल्याने, हॅमलिनने लिहून विचारले की सामना आपण जिंकलो का. आयुष्याचा सामना तू जिंकलास, अशा आशयाचे उत्तर डॉक्टरांनी दिले. 11 जानेवारीला तो घरी गेला. तो सामना मात्र पुन्हा खेळवलाच गेला नाही. 17 ऐवजी 16 सामने खेळून बिल्सने 13 विजय मिळवले. 22 जानेवारीला बाद फेरीत त्याच सिनसिनाटीकडून संघ हरला. हॅमलिन पुढच्या हंगामात मैदानावर परतला.

आता आपल्या घराकडे वळू. वृद्धांचे हृदय अचानक थांबते ते बहुधा हृदयविकारामुळे आणि तेही बहुतेक वेळा घरातच. कारण वेगळे असले तरी पहिल्या काही मिनिटांचे महत्त्व तेच. रक्तपुरवठा थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी या मिनिटांत हजर असतो तो घरातला माणूस.

म्हणून प्रत्येक घराने आपली छोटीशी 'बैठक' घ्यावी. माणूस कोसळला, हाकेला प्रतिसाद देत नाही, श्वास थांबला आहे किंवा अधूनमधून नुसते आचके येत आहेत, तर हृदय थांबले असे समजावे. आचके म्हणजे श्वास नव्हे. एकाने 108 क्रमांकाला फोन करावा. दुसऱ्याने रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे ठेवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवावेत आणि मिनिटाला 100 ते 120 या गतीने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमल्यास माणूस बदलावा, पण खंड पडू देऊ नये. घरात एकटेच असाल तर फोन लावून त्याचा स्पीकर सुरू ठेवावा. वृद्धाने स्नानगृहाची कडी आतून लावू नये, घराची एक किल्ली शेजारी असावी, औषधांची यादी व दूरध्वनी क्रमांक भिंतीवर ठळक अक्षरांत असावेत. हे वाचून येत नाही, हातांनी शिकावे लागते. आपल्या डॉक्टरांना विचारा, प्रशिक्षण अनेक ठिकाणी मिळते.

आमच्या भागातील सोसायटीच्या सभागृहात मी असे वर्ग घेते. एका वर्गानंतर 84 वर्षांच्या एक आजी मुलाचा हात धरून माझ्यापाशी आल्या. त्यांचे हृदय फार अशक्त झाले आहे, वर्षभरात तीनदा रुग्णालयात राहून आल्या. त्या म्हणाल्या, 'डॉक्टर, तुम्ही शिकवलंत ते चांगलंच आहे. पण माझी वेळ आली की माझ्या छातीवर कुणी दाबू नये, नळ्या घालू नयेत. हे मी याला कसं सांगू?' मुलगा गडबडून म्हणाला, 'आई, भलतंसलतं काय बोलतेस?' मी दोघांना बसवले. चोविशीतला निरोगी गडी आणि जर्जर देह यांत फरक असतो, हे त्यांना समजावले. अतिवृद्ध, अनेक आजारांनी ग्रासलेल्या व्यक्तीत छातीदाबाने जीव वाचण्याची शक्यता कमी असते. बरगड्या मोडू शकतात. वाचलेच तर पूर्वीसारखे जगणे लाभेल याची खात्री नसते. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग खालच्या आवाजात त्याने विचारले, 'आई, तुला नक्की काय हवंय?' हा प्रश्न त्याने त्यापूर्वी कधी विचारला नव्हता. आजी अर्धा तास बोलत होत्या.

अशी इच्छा लिहून ठेवण्यास आपल्या कायद्यात मान्यता आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 रोजी, योगायोगाने बिल्सचा हंगाम संपला त्याच आठवड्यात, त्याची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते प्रमाणित करता येते. इच्छापत्र करा अथवा करू नका, पण बोलणे अवश्य व्हावे. 'सर्व प्रयत्न करा' आणि 'मला शांतपणे जाऊ द्या' ही दोन्ही उत्तरे योग्यच आहेत. उत्तर ठाऊक नसताना मध्यरात्री निर्णय घ्यावा लागणे, हे मात्र मुलांसाठी आयुष्यभराचे ओझे होते.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. त्या रात्री रुग्णवाहिका गेल्यावर दोन्ही संघांचे प्रशिक्षक एकमेकांशी बोलले आणि खेळाडू मैदान सोडून आत गेले. धिप्पाड माणसे रडत होती आणि त्यांना खेळा म्हणून कोणी भरीस घातले नाही. आपल्याकडे आजारपण सांभाळणारी सून, मुलगी किंवा वृद्ध पती मात्र न थांबता राबत राहतो. रुग्णाला तपासताना मी त्यांचाही रक्तदाब पाहते, झोपेची चौकशी करते. आठवड्यातून एक दुपार कोणीतरी त्यांची जागा घ्यावी. थांबणे म्हणजे कर्तव्यात कसूर नव्हे.

येत्या रविवारी चहाच्या वेळी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. कोण फोन करणार, कोण हात लावणार, किल्ली कोणाकडे असणार, हे ठरवावे. आणि मग घरातील ज्येष्ठांना विचारावे, 'तुम्हाला काय हवंय?' उत्तर ऐकताना घाई करू नये.