बाहेरची रेघ

रुंदी पाच सेंटिमीटर, उंची शून्य. स्वतः जागची हलत नाही, कुणाला अडवत नाही, बोलत तर नाहीच. तरी हैदराबादमधल्या कुठल्याही कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला हरल्यावर विचारा, काय झालं म्हणून. दहातले आठ जण हिच्याच नावावर बिल फाडतील. "बाहेरून पडलेच नाहीत आज." मागच्या सामन्यात पडत होते, आज पडले नाहीत, परवा काय होईल ते तिलाच माहीत. थ्री-पॉइंटची रेघ लहरी आहे, असं पोरांचं ठाम मत आहे. तिला गेली काही वर्षं बाहेरच्या पायऱ्यांवर बसून पाहतो आहे. माझं मत बरोबर उलट आहे.

मी ओळखतो ती कोठीच्या बाजूच्या एका कॉलेजात, सिमेंटच्या कोर्टावर राहते. पांढरी आहे, पण पांढरीफटक नाही. बुटांनी मळलेली, मधल्या भागात जास्त, कारण सगळ्यांना बरोबर समोरूनच मारायचं असतं. तिच्या आतल्या अंगाला अर्ध्या मीटरवर तिची थोरली बहीण पडून आहे, पिवळ्या ऑइलपेंटची, जागोजागी सोललेली. ती १९८४ची. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघानं, म्हणजे फिबानं, ही रेघ नियमात घेतली तेव्हा अंतर होतं ६.२५ मीटर. २०१०च्या ऑक्टोबरात ते ६.७५ झालं. इथे रंगारी आला, नवी ओढून गेला. जुनी खरवडायचे पैसे कुणी मंजूर केले नाहीत. त्यामुळे पहिल्या वर्षाचं पोरगं हमखास पिवळीवर उभं राहून मारतं, चेंडू पडला की दोन्ही हात वर करतं, आणि पंच शांतपणे दोन बोटं दाखवतो.

पांढरीचा स्वभाव याहून कडक. तिच्यावर बुटाचं नुसतं टोक टेकलं तरी दोनच गुण. ती स्वतः दोनच्या घरातली; तीन सुरू होतात ते तिच्या पलीकडे.

खेळ जन्मला तेव्हा ही नव्हतीच. १८९१च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत दहा फुटांवर पीचच्या टोपल्या ठोकल्या, तेव्हा जवळून टाका की लांबून, मोल एकच. पुढे उंच माणसांनी रिंगखाली संसार थाटला आणि बाकीच्यांना त्यांच्याकडे चेंडू पोचवण्यापलीकडे काम उरेना. अमेरिकेत एबीए नावाच्या बंडखोर लीगनं १९६७ मध्ये हिला आपल्या नियमांत घेतलं, एनबीएनं १९७९ मध्ये. तिथला पहिला थ्री बॉस्टनच्या क्रिस फोर्डच्या नावावर आहे, १२ ऑक्टोबर १९७९. जुन्या जाणत्यांनी तेव्हा नाकं मुरडली. मला मात्र ही बाई न्यायी वाटते. पावणेसहा फुटी माणसाला तिनं पोटापाण्याला लावलं. आणि आपल्या डिग्री कॉलेजांत साडेसहा फुटी पोरं ॲडमिशनला येतात कुठे? तिची गरज इथेच जास्त.

आता ती मागते काय ते पाहू. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, चेंडूचा साधारण २४. म्हणजे चेंडू बरोबर मधून जाताना दोन्ही बाजूंना दहा-साडेदहा सेंटिमीटर मोकळे. पावणेसात मीटरवरून ही मोकळीक एका अंशाहूनही कमी भरते. त्यात चेंडू रिंगकडे उतरतो तिरका. जितका सपाट येईल तितकं रिंगचं तोंड त्याला अरुंद होत जातं. उतार ३२ अंशांच्या खाली गेला तर कडेला न लागता आत शिरायला जागाच नाही. म्हणून चेंडूला उंची हवी, आणि उंची मनगटातून येत नाही, पायांतून येते. चौथ्या क्वार्टरला पाय दमले की शॉट आखूड पडतात आणि रिंगच्या पुढच्या कडेवर ठण्ण वाजतं. तो आवाज ऐकून पायऱ्यांवरचे म्हणतात, "हात गेला याचा." हात जागेवर असतो. गुडघे गेलेले असतात.

पण नुसत्या दमछाकीनं सगळा हिशेब जुळत नाही. धरा, एक संघ चांगला आहे, तीनातला एक थ्री घालतो, आणि सामन्यात वीस मारतो. सरासरी साडेसहा-सात पडायला हवेत. पण नाणं उडवल्यासारखा नुसता योगायोग धरून मोजलं तरी साधारण तीनातल्या एका सामन्यात आकडा चार किंवा त्याखाली राहील नाहीतर नऊ किंवा त्यावर जाईल. चार पडले तर १२ गुण, नऊ पडले तर २७. तीच पोरं, तोच सराव, आणि पंधरा गुणांचा फरक! कॉलेजच्या सामन्यात एवढ्यात निकाल फिरतो. याला आपण फॉर्म म्हणतो, मूड म्हणतो, परवा एकानं बुटांना दोष दिला. शंभरात ४२-४३ घालणारा स्टीफन करी जगातला सर्वोत्तम. म्हणजे त्याचेही निम्म्याहून जास्त वाया जातात. एनबीएतल्या ह्यूस्टन रॉकेट्सनं २०१८च्या पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत, निर्णायक सातव्या सामन्यात, ओळीनं २७ थ्री चुकवले. मध्यंतराला अकरा गुणांनी पुढे असलेला संघ हरला. त्या रात्री ह्यूस्टनची रेघ कुणी हलवली नव्हती.

हे आकडे आमच्या पीडी सरांना, म्हणजे फिजिकल डायरेक्टरांना, सांगून उपयोग नसतो. एका सामन्यात पडले नाहीत की पुढच्या सामन्याआधी हुकूम निघतो: थ्री बंद, चेंडू आत घाला. समोरचा संघ काय करतो? दोन पुढे, तीन मागे असा झोन लावतो आणि रिंगखाली भिंत उभी करतो. बाहेरचा मोकळा. तिकडून आवाज येतो, "छोडो उसको, मारने दो!" याहून मोठा अपमान या खेळात मी पाहिलेला नाही. आपला शूटर चेंडू हातात घेऊन रेघेमागे एकटा उभा आणि त्याला अडवायला कुणी येतच नाही. तो बिचकतो. एकदा चेंडू आपटतो, बाकाकडे बघतो. काचिगुड्याच्या मराठी घरातला आहे, पण कोर्टावर तोही दखनीतच बोलतो, मागून कुणीतरी "मार ना रे!" ओरडतं, तेव्हा त्याच्या तोंडून "नक्को" निघून गेलेलं असतं. मग अर्ध्या मनानं मारलेला तो शॉट रिंगलाही लागत नाही.

खरं तर 'आत घाला' आणि 'बाहेरून मारा' ही भांडणाची जोडी नाहीच. चेंडू आधी आत जावा, दोघं-तिघं त्याच्यावर धावावेत, आणि तो बाहेर परत यावा. मारणाऱ्याचे पाय तोवर रिंगकडे वळून स्थिर झालेले असावेत. असा थ्री आणि धावता धावता ड्रिबल तोडून, पहारेकऱ्याच्या हातावरून फेकलेला थ्री, गुणफलकावर दोन्हींचे तीनच, पण पडण्याची शक्यता सारखी नाही. आमची पोरं दुसराच जास्त मारतात. मोबाइलवर तोच दिसतो ना.

आणखी एक गोष्ट आहे, तिचं खापरही रेघेवरच फुटतं. आठवी-नववीत सुरेख हात असलेली पोरं या शहरात कमी नाहीत. दहावी झाली की इंटरची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन वर्षं येतात, आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या पायी पोरगं कॉर्पोरेट कॉलेजात जातं. कॉर्पोरेट कॉलेज म्हणजे बहुतेकदा चार मजल्यांची इमारत, सकाळपासून रात्रीपर्यंत तास, आणि मैदानाच्या नावानं पार्किंग. सोळा ते अठरा. खांदे याच वयात भरतात, लांबून एका लयीत फेकण्याची ताकद याच वयात येते. तीच दोन वर्षं चेंडू हातात नाही. मग डिग्रीला आल्यावर पोरगं कोर्टावर उभं राहतं तेव्हा अंग नवं असतं आणि हात नववीतला. तो हात पिवळ्या रेघेलाही कमी पडावा, इथे पांढरी समोर. रोजच्या तास-दीड तासाच्या सरावातला अर्धा वेळ लेअपमध्ये जातो, उरलेल्यात आपसांत मॅच. नुसतं उभं राहून शे-दोनशे थ्री मोजून मारणं हे कंटाळवाणं काम. ते करताना मी एकालाच पाहिलंय, आणि तो संघातला सर्वांत लोकप्रिय खेळाडू नव्हे.

एवढी कडक बाई, पण एका ठिकाणी ती सवलत देते. कोर्टाची रुंदी १५ मीटर. पूर्ण गोलाई घेतली तर दोन्ही कोपऱ्यांत तिला जागा पुरत नाही. म्हणून तिथे ती सरळ होते, बाजूच्या रेघेपासून ९० सेंटिमीटर सोडून चालते, आणि रिंगपासूनचं अंतर ६.६० वर येतं. पंधरा सेंटिमीटर फुकट! गुण तेवढेच. अख्ख्या कोर्टावर यापेक्षा स्वस्त थ्री नाही.

आमच्या कोर्टावर डाव्या कोपऱ्याला लागूनच दुचाक्या उभ्या असतात. सामन्याच्या दिवशी हटवतात, सरावाला नाही. तिथून मारायला उभं राहिलं की पाठीला ॲक्टिव्हाचा आरसा लागतो, आणि चेंडू घरंगळला तर कुणाच्या तरी हेल्मेटशी वाद होतो. साहजिकच तिथून कुणी मारत नाही. रेघ त्या कोपऱ्यात अजून नव्यासारखी पांढरी आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पाहुण्या संघाच्या एका बुटक्या गार्डनं त्याच कोपऱ्यातून ओळीनं दोन घातले, तेव्हा आमची पोरं म्हणाली, नशीब आहे साल्याचं. पीडी सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सरावाला आल्या आल्या त्यांनी वॉचमनला बोलावून विचारलं, ती ॲक्टिव्हा कुणाची.